मणक्याच्या दुखापतीनंतर पुनर्वसन विभागात किती दिवस राहावे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कोणत्या परिस्थितीला धरून आहे ते स्पष्ट राहील. तुमचे ३६ वर्षांचे मोठे भाऊ घाटंजी तालुक्यातील तुमच्या वावरात भाद्रपदातल्या एका रात्री जागलीला गेले होते आणि रानडुकरे हाकलायला उठताना मचाणावरून पाठीवर पडले. छातीच्या भागातील बाराव्या मणक्याचा चुरा झाला. नागपुरात रॉड आणि स्क्रू बसवून ऑपरेशन झाले, टाकेही निघाले. परंतु कमरेखाली हालचाल नाही, स्पर्श कळत नाही आणि लघवीला नळी आहे. ऑपरेशनला २४ दिवस झाले आहेत. डॉक्टर म्हणतात की पुनर्वसन विभागात अजून दोन-अडीच महिने राहावे लागेल. घरी सोयाबीन सोंगणीला आले आहे, मागून कापूस फुटणार आहे आणि नातेवाईक म्हणतात की औषधे तर आता दोन-तीनच उरली आहेत, केवळ व्यायामासाठी दवाखान्यात कशाला पडून राहायचे, घरी नेऊन मालिश करू. किती दिवस खरोखर लागतात, आणि ते चालायला लागल्यावरच घरी न्यायचे का, असे तुम्ही विचारले आहे.

उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून. हात पूर्ण चांगले, दोन्ही पाय गेलेले आणि अंगावर जखम नाही, अशा रुग्णासाठी पुनर्वसन सुरू झाल्यापासून मी ६ ते १० आठवडे धरतो. मानेच्या मणक्याला मार बसून हातही अधू झाले असतील तर ३ ते ५ महिने लागतात. पाठीला किंवा कुल्ल्याला बेडसोर, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणारी जखम, झालेला असेल, तर ती जखम भरण्याचा काळ त्यात वेगळा मिळवावा लागतो आणि पुष्कळदा तोच मूळ काळापेक्षा मोठा निघतो. हे आकडे विदर्भातील रुग्णांबरोबर २२ वर्षे काम करताना बसलेल्या अंदाजाचे आहेत. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली मुदत मला योग्य वाटते आणि सोंगणीसाठी ती मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चालता येण्याची वाट पाहत दवाखान्यात थांबणेही तितकेच चुकीचे ठरेल. त्याविषयी पुढे सविस्तर लिहितो.

अमेरिकेत असे रुग्ण महिनाभरात घरी जातात, हे कोणीतरी तुम्हाला मोबाईलवर दाखवेल आणि ते खोटे नाही. तेथील राष्ट्रीय नोंदींनुसार १९७० च्या दशकात पुनर्वसन विभागातील मुक्काम सरासरी ९८ दिवसांचा होता, तो आता साधारण एका महिन्यावर आला आहे. मात्र तेथे घरी गेल्यावरही उपचार चालूच राहतात: आठवड्यातून ठरलेल्या दिवशी जवळच्या केंद्रात व्यायामाला जाता येते, मापाची व्हीलचेअर आणि गादी मिळते, गरजेप्रमाणे परिचारिका घरी येते. एवढे असूनही तेथील नोंदी सांगतात की दुखापतीनंतरच्या कोणत्याही एका वर्षात सुमारे ३० टक्के रुग्णांना पुन्हा दवाखान्यात भरती व्हावे लागते आणि त्याच्या कारणांत मूत्रमार्गाचे विकार पहिले व त्वचेच्या जखमा दुसऱ्या आहेत. तुमच्या गावापासून फिजिओथेरपिस्ट किती किलोमीटरवर आहे आणि पावसाळ्यात तिथवर गाडी पोहोचते का, याचा विचार केला म्हणजे आपल्याकडे मुक्काम का वाढवावा लागतो ते लक्षात येईल. जे वॉर्डात शिकून झाले नाही ते गावी गेल्यावर कोणी शिकवायला येत नाही.

नातेवाइकांचा मुख्य गैरसमज असा असतो की ऑपरेशन हा उपचार होता आणि आता राहिला आहे तो केवळ आराम. ऑपरेशनने मोडलेला मणका स्थिर केला आणि आतील दाब कमी केला. मणक्याच्या पोकळीतून मेंदूकडून खाली येणारा जो मज्जारज्जू आहे, त्याचे तुटलेले तंतू रॉडने किंवा स्क्रूने जोडले जात नाहीत. ऑपरेशनचा खरा लाभ हा की रुग्णाला लवकर बसवता येते, कुशीवर वळवता येते आणि पुनर्वसन आठवडे आधी सुरू होते. म्हणून टाके निघाले म्हणजे उपचार संपले, असे नसून आता कुठे ते सुरू होत आहेत. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात गेलेले २४ दिवस मी पुनर्वसनाच्या हिशोबात धरत नाही. तुम्हीही धरू नका.

येथे एक घटना सांगणे मला कर्तव्य वाटते, कारण तिच्यात माझी चूक होती. बऱ्याच वर्षांपूर्वी वर्धा नदीकाठच्या एका गावचा तरुण शेतकरी माझ्याकडे होता. दुखापत जवळजवळ तुमच्या भावासारखीच होती. चौथ्या आठवड्यात त्याचे वडील हात जोडून म्हणाले की कापूस बोंडातून गळून चालला आहे, वेचायला घरात माणूस नाही, सुट्टी द्या. मुलगा व्हीलचेअरवर बसू लागला होता, हसत होता, आणि मी सुट्टीच्या कागदावर सही केली. त्याच्या पत्नीला नळी घालणे एकदाच दाखवले होते आणि त्याला स्वतःला अजिबात शिकवले नव्हते. पाच आठवड्यांनी ते त्याला परत घेऊन आले तेव्हा त्याला ताप होता, लघवीत पू होता आणि माकडहाडावरची जखम हाडापर्यंत गेली होती. त्यानंतर त्याला चार महिने राहावे लागले. तो हंगाम गेलाच, पुढचाही गेला आणि दोन एकर वावर गहाण पडले. तेव्हापासून सुट्टीची तारीख मी पिकाकडे पाहून ठरवत नाही. रुग्ण आणि त्याच्या घरचे एक माणूस काही ठरावीक गोष्टी कोणाच्याही मदतीशिवाय करून दाखवतात की नाही, एवढेच मी पाहतो.

त्या गोष्टींत पहिली आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे लघवी. बाराव्या मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जूचा शेवटचा भाग असतो. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्या टोकाला मार बसला की मूत्राशय बहुधा ढिले पडते, म्हणजे भरते पण स्वतःहून रिकामे होत नाही आणि भरल्याचे कळतही नाही. अशा वेळी कायमची नळी ठेवून घरी जाणे सोपे वाटते. परंतु कायमच्या नळीत महिनोन्‌महिने जंतू वाढतात, नळी गाळाने बंद पडते, मूत्राशयात खडे होतात, आणि मागे साचलेल्या लघवीने मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात. यावर मान्य झालेला उपाय म्हणजे दर चार ते सहा तासांनी स्वतः स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करणे आणि नळी लगेच काढून घेणे. १९७२ मध्ये अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी दाखवून दिले की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखी निर्जंतुकता लागत नाही. साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते, मात्र मूत्राशय कधीही जास्त ताणले जाता कामा नये. खेड्यातल्या माणसासाठी यापेक्षा उपयोगाचा शोध या क्षेत्रात मला दुसरा माहीत नाही.

हे शिकायला दिवस का लागतात, ते पाहा. पहिल्या आठवड्यात परिचारिका नळी घालते आणि प्रत्येक वेळी किती लघवी निघाली ते वहीत लिहिते. त्यावरून पाणी किती प्यायचे आणि किती तासांनी नळी घालायची याचे गणित बसते: दिवसभरात साधारण दोन लिटर पाणी, तेही सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाटून, रात्री झोपण्यापूर्वी कमी, आणि एका वेळी निघणारी लघवी ४०० ते ५०० मिलिलिटरच्या आत. दुसऱ्या आठवड्यात रुग्ण स्वतः हात लावतो, संकोचतो, घाबरतो, कधी रक्ताचा थेंब दिसला की दोन दिवस नळीला शिवत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो पहाटे पाच वाजता कोणी न उठवता उठून हे काम करतो आणि नळी साबणाने धुऊन, वाळवून, झाकणाच्या डब्यात ठेवतो. ही सवय अंगवळणी पडण्याला पर्याय नाही. चित्र दाखवून किंवा व्हिडिओ पाठवून ती येत नाही. त्याच काळात ताप, थंडी, गढूळ आणि उग्र वासाची लघवी या खुणा ओळखायला शिकवावे लागते. तपासणीत लघवीत जंतू दिसले पण त्रास काहीच नाही, तर दर वेळी अँटिबायोटिक घेऊ नये, हेही घरच्यांच्या मनावर ठसवावे लागते.

शौचाचे गणितही असेच बसवावे लागते, मात्र ते तुलनेने लवकर बसते. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने, रोज त्याच वेळी बसायचे. मज्जारज्जूच्या टोकाला मार असेल तर गुदद्वाराचा स्नायू ढिला असतो आणि गुदद्वारात ठेवायच्या औषधाच्या वडीचा उपयोग कमी होतो. मग हातमोजा घालून, तेल किंवा जेली लावून, बोटाने शौच मोकळे करावे लागते. ऐकायला हे अवघड वाटते. परंतु दिवसा कधीही कपडे खराब होण्याची भीती गेली की माणूस पुन्हा चार लोकांत बसू लागतो. लग्नाला, बाजाराला, ग्रामसभेला जाण्याचा मार्ग या अर्ध्या तासातून जातो.

आता त्वचेविषयी. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मज्जारज्जू तुटलेले बहुतेक रुग्ण बेडसोर आणि मूत्रपिंडाच्या संसर्गाने काही महिन्यांत दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमन या डॉक्टरांनी अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग सुरू केला आणि रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम कडकपणे पाळायला लावला. एवढ्या साध्या गोष्टीने कितीतरी जीव वाचले. तुमच्या भावाच्या कमरेखालील त्वचेला टोचलेले, भाजलेले, दबलेले काहीच सांगता येत नाही, म्हणून ते काम डोळ्यांना आणि घड्याळाला करावे लागते. झोपेत दर दोन तासांनी कूस बदलायची. खुर्चीत बसल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी दोन्ही हातांवर अंग उचलून किंवा पुढे-बाजूला झुकून कुल्ल्यांवरचा दाब काढायचा. रोज सकाळ-संध्याकाळ आरशात माकडहाड, कुल्ले, कमरेच्या बाजू, टाचा पाहायच्या. लाल डाग दिसला आणि अर्ध्या तासात गेला नाही, तर त्या जागेवर भार देणे त्या दिवसापासून बंद. पाण्याची किंवा हवेची गादी घेतली म्हणजे कूस बदलावी लागत नाही, असे दुकानदार सांगतो. ते खरे नाही.

आपल्या घरांत आणि वावरांत या त्वचेचे शत्रू कोणते, ते मला मुद्दाम सांगायचे आहे, कारण मोठ्या शहरांतल्या माहितीपत्रकांत ते नसतात. सुतळीची बाज हा त्यातला पहिला. झोळ पडलेल्या बाजेत माकडहाड नेमके खाली जाते आणि गाठ टोचत राहते. म्हणून सपाट लाकडी पलंग आणि त्यावर चांगली गादी हवी. बंडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नुसत्या पोत्यावर बसवून नेऊ नये, तासाभराच्या हादऱ्यांनी त्वचा फाटते. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेताना पाय सायलेन्सरला लागून भाजलेले रुग्ण मी अनेक पाहिले आहेत. हिवाळ्यात पायापाशी ठेवलेली शेगडी, शेकायला घेतलेली गरम विटकर, उन्हात तापलेला अंगणातला दगड, मांडीवर ठेवलेले चहाचे पातेले, या सगळ्यांपासून जपावे लागते. आणि आपला उन्हाळा तर वेगळाच विषय आहे. दुखापतीच्या पातळीखाली घाम नीट येत नाही. छातीच्या वरच्या किंवा मानेच्या भागात दुखापत असेल तर शरीर थंड ठेवण्याची शक्तीच फार कमी होते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा अशा माणसाला टिनाच्या छपराखाली दुपारभर ठेवणे जिवावर बेतू शकते. तुमच्या भावाची पातळी खाली आहे, तरी ओले फडके, पाण्याचा फवारा आणि दुपारची सावली यांची सोय आत्तापासून मनात धरा.

याच ओघात मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागातील, म्हणजे सहाव्या छाती-मणक्याच्या पातळीच्या आणि त्यावरच्या, रुग्णांच्या घरच्यांसाठी एक धोका सांगतो. लघवी तुंबली, शौच अडकले किंवा पायाचे नख आत रुतले, तरी अशा रुग्णाचा रक्तदाब एकदम चढतो, डोके फुटेल असे दुखते, चेहरा लाल होऊन घाम फुटतो. तेव्हा आडवे करू नये. ताबडतोब बसते करावे, कपडे सैल करावे, नळी अडली आहे का ते आधी पाहावे आणि लगेच दवाखाना गाठावा. तुमच्या भावाला हा धोका नाही.

उचलाउचलीचे शिक्षण हे पुनर्वसनाचे डोळ्यांना दिसणारे अंग आहे. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडच्या खुर्चीत, तेथून परत, आणि आपल्याकडे अत्यंत गरजेचे म्हणजे जमिनीवरून खुर्चीत. शेतकऱ्याचे घर जमिनीवर चालते. जेवण, पाहुण्यांशी बोलणे, लेकरांशी खेळणे, सगळे खालीच असते. त्यामुळे जमिनीवर उतरून पुन्हा वर चढता येणे ही माझ्या यादीत वरची गोष्ट आहे आणि ती यायला दंडांची आणि खांद्यांची ताकद लागते. बसण्याचा तोल यायलाच सुरुवातीचे दोन-तीन आठवडे जातात. आधी पाठ टेकून, मग हातांच्या आधाराने, मग दोन्ही हात मोकळे सोडून. शेत नांगरलेले हात असतात ते लवकर तयार होतात, हे मात्र मी समाधानाने सांगू शकतो.

चालण्याविषयी खोटी आशा द्यायची नाही आणि खरी आशा हिरावूनही घ्यायची नाही, असे मी नेहमी ठरवून बोलतो. तपासणीत डॉक्टर गुदद्वाराजवळचा स्पर्श आणि तेथील स्नायूचे आकुंचन पाहतात. तेथे काहीही शिल्लक असेल तर दुखापत अपूर्ण मानतात आणि सुधारणेची शक्यता बरीच जास्त असते. काहीच शिल्लक नसेल तर ती पूर्ण मानतात. सुरुवातीच्या दिवसांत मज्जारज्जू बधिर अवस्थेत असतो, त्यामुळे पहिल्या दिवशीची तपासणी शेवटची धरू नये. तुमच्या डॉक्टरांना दुखापतीची आत्ताची श्रेणी, म्हणजे ती किती पूर्ण वा अपूर्ण आहे, कोणती आणि ती भरती झाल्यापासून बदलली का, हे जरूर विचारा. जी काही सुधारणा व्हायची असते तिचा मोठा भाग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत दिसतो, पुढे वर्ष-दीड वर्ष ती मंद गतीने होऊ शकते. दुखापत अपूर्ण असेल आणि दर आठवड्याला नवीन स्नायू हलताना दिसत असेल, तर मुक्काम वाढवणे सार्थ आहे आणि मी स्वतः तसा आग्रह धरतो. दुखापत पूर्ण असेल आणि दोन महिन्यांत बदल नसेल, तर केवळ पाय हलतील या आशेवर दवाखान्यात थांबण्यात पैसा आणि उमेद दोन्ही जातात. अशा वेळी लांब कॅलिपर (पायांना बांधायचे आधार) आणि वॉकर घेऊन उभे राहता येते, काही पावले टाकता येतात. त्याने मनाला बरे वाटते आणि सांधे आखडत नाहीत. परंतु घराबाहेरचे रोजचे जाणे-येणे व्हीलचेअरवरच होईल, हे भावाला आणि वहिनींना एकत्र बसवून, घाई न करता सांगायला हवे. ते काम डॉक्टरांचे आहे. तुम्ही एकट्याने ते ओझे घेऊ नका.

मालिशविषयी विचारले आहे. हलक्या हाताने तेल लावण्यात हानी नाही, पण त्याने मज्जारज्जू जुळत नाही. जोराचे मालिश मात्र टाळाच, कारण या काळात पायातील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता असते. एखाद्या पोटरीला सूज आली, ती गरम लागली, तर चोळणे म्हणजे गुठळी फुप्फुसाकडे ढकलणे होय. कुणी हाड बसवून देतो म्हणाले तर पाठीला हात लावू देऊ नका. गरम पोटलीचा शेक कमरेखाली कधीही नको.

सुट्टीपूर्वी कोणी शिकायचे, हा प्रश्न कुटुंबे शेवटच्या दिवशी विचारतात, तो पहिल्या दिवशी विचारला पाहिजे. पहिला शिकणारा स्वतः रुग्ण. त्यानंतर घरातील दोन माणसे, एक नव्हे. वहिनी एकट्या शिकल्या तर आजारी पडल्या की किंवा माहेरी गेल्या की घर कोलमडते. शिवाय रात्री दर दोन तासांनी कूस बदलून दिवसा वावरात निंदायला जाणारी बाई किती महिने टिकेल? तुम्ही स्वतः किमान दहा-बारा दिवस वॉर्डात राहून शिका. सोंगणीच्या दिवसांत वहिनी तेथे आणि तुम्ही वावरात, मग कापसाच्या आधी तुम्ही तेथे आणि वहिनी घरी, अशी पाळी लावता येईल. मला वाटते तुमच्या अडचणीवर हाच मार्ग आहे: रुग्णाला हलवू नका, माणसे आळीपाळीने हलवा.

या आठवड्यांत घरही तयार व्हायला हवे. दारांची रुंदी मोजा. साध्या व्हीलचेअरला सुमारे ६५ सेंटिमीटर लागतात आणि हात न खरचटता जायचे तर ८० सेंटिमीटरचे दार बरे. उंबरा काढा किंवा दोन्ही बाजूंनी उतार करा. ओसरीला पायऱ्या असतील तर जेवढी उंची त्याच्या बारापट लांबीचा उतार लागतो. म्हणजे एक फूट उंच ओट्याला बारा फूट. एवढी जागा अंगणात नसेल तर उतार वळवून घ्या, उभा करू नका, उभ्या उतारावरून खुर्ची मागे उलटते. घरचा संडास बहुधा उकिडवे बसण्याचा असेल. त्यावर मधोमध भोक असलेली लाकडी किंवा लोखंडी खुर्ची गावचा सुतार-वेल्डर करून देतो. भोकाच्या कडेला जाड फोम आणि रेक्झिन लावायला विसरू नका, नाहीतर जखम तेथूनच सुरू होईल. खुर्चीची उंची व्हीलचेअरइतकीच ठेवा. खराब रस्त्यांसाठी मोठ्या चाकाची भक्कम खुर्ची हवी. शिबिरात मिळालेली खुर्ची मापाची नसेल तर ती तशीच न वापरता पुनर्वसन विभागात दाखवून गादीसह जुळवून घ्या.

कागदपत्रे वॉर्डात असतानाच सुरू करा, नंतर तालुक्याला खेटे घालणे जड जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्याचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळते. पुढच्या बहुतेक सवलतींची किल्ली तीच आहे. तहसील कार्यालयातून संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, त्यातून उतार किंवा संडासाचे काम मागा. तुमचे भाऊ शेतीच्या कामात पडले आहेत, त्यामुळे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने असलेल्या शेतकरी अपघात योजनेविषयी कृषी कार्यालयात तातडीने चौकशी करा; अशा अर्जांत अपघाताची नोंद आणि वेळ या दोन्हींना महत्त्व असते. दवाखान्याच्या खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना लागू होते का, हे दवाखान्यातील आरोग्यमित्राला (या योजनेसाठी तेथे बसणाऱ्या मदतनिसाला) विचारा.

मनाच्या अवस्थेबद्दल तुम्ही काही लिहिले नाही, पण ती आत्ता वर येईल. पहिल्या आठवड्यांत माणूस जगला याचाच आनंद असतो. दुसऱ्या महिन्यात खरे काय झाले ते उमगते आणि तो बोलेनासा होतो, जेवण टाळतो, भिंतीकडे तोंड करून पडतो. हा काळ वॉर्डात गेला तर आजूबाजूला त्याच्यासारखेच चारजण असतात, एखादा जुना रुग्ण खुर्चीवरून भेटायला येतो आणि आपले दुकान कसे चालते ते सांगतो. हे बोलणे आमच्या कोणत्याही समुपदेशनापेक्षा लवकर पोहोचते. घरी एकट्या खोलीत हाच काळ फार धोक्याचा असतो. मरणाची भाषा आली तर ती हलक्यावारी नेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. पती-पत्नीच्या संबंधांविषयी आणि मूल होण्याविषयी दोघांच्याही मनात प्रश्न असतात, ते विचारायला जीभ रेटत नाही. यावर उपाय आहेत, औषधे आहेत. वहिनींना विभागातील महिला डॉक्टरांशी किंवा परिचारिकेशी एकांतात बोलण्याची संधी तुम्ही मिळवून द्या.

सुट्टीच्या दोन आठवडे आधी दोन रात्रींची घरी भेट मागा. बहुतेक विभाग ती देतात. त्या दोन दिवसांत कळते की न्हाणीत खुर्ची वळत नाही, रात्री दिवा नसला की नळी घालता येत नाही, पलंग चार बोटे उंच आहे. परत आल्यावर तेवढ्या गोष्टी शिकून किंवा दुरुस्त करून घ्यायच्या. कायमच्या सुट्टीनंतर सहा आठवड्यांनी एक फेरी, आणि तीन-चार महिन्यांनी आठ-दहा दिवसांची दुसरी छोटी भरती आत्ताच ठरवून टाका. घरी राहून पाहिल्यावर जे प्रश्न उभे राहतात ते त्या भरतीत सुटतात. दरवर्षी मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी, त्रास नसला तरी, चुकवू नये.

त्या दोन रात्रींच्या भेटीची तारीख ठरवताना डॉक्टरांना सोयाबीनच्या मळणीचे दिवस सांगून पाहा. बसण्याचा तोल आला असेल, पाठीचा पट्टा लावलेला असेल आणि त्वचेवर डाग नसेल, तर भावाला खळ्याजवळ सावलीत, स्वतःच्या गादीसह खुर्चीवर बसवता येईल. पोती मोजायला, मजुरांचा हिशोब लिहायला घरच्याच माणसाची नजर लागते आणि ते काम त्यांचेच होते. हातात घड्याळ असू द्या. दर वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर अंग उचलायचे आणि चार तास झाले की नळीसाठी घरी यायचे.